तीन चाकांचं पासिंग

आबांनी पहिली बाबागाडी दुकानाच्या काउंटरवर उलटी केली, तेव्हा दुकानदार रमणशेठच्या तोंडातली सुपारी चावायची थांबली.

"आबा, अशी नाही बघत," ते म्हणाले. "बाळ वर बसतं."

"बाळ वर बसतं. चाकं खाली असत्यात," आबा म्हणाले, आणि त्यांनी एक चाक बोटानं फिरवलं. ते थोडं फिरलं, लटपटलं आणि थांबलं. आबांनी दुसरं फिरवलं. तेही तसंच. आबांनी माझ्याकडे नाही, रमणशेठकडे पाहिलं. "प्ले हाय."

"काय आहे?"

"चाकात. प्ले हाय. ढिली हायत. मुठीबी दोन हायत."

"मुठी दोनच असतात, आबा. छत्रीसारखी मिटते ही. सगळ्यात जास्त खपते."

"खपू दे. नापास."

मुठी दोन आहेत, हे आबांनी ज्या तऱ्हेनं सांगितलं त्यावरून मला वाटलं, ते गाडीला नाही, मला नापास करतायत. माझा उजवा हात कोपराखाली चार बोटांच्या अंतरापर्यंतच आहे, त्यापुढे नाही. नऊ वर्षांची असताना तो कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. पोस्टात काउंटरला बसल्यावर लोक पहिल्या वेळी विचारतात, दुसऱ्या वेळी विसरतात, तिसऱ्या वेळी "ताई, जरा लवकर" म्हणतात. त्यामुळे मला त्याचं फारसं काही वाटत नाही. घरात मात्र लोक विसरत नाहीत.

हे सगळं चौदा वर्षांपूर्वीचं, साताऱ्यातलं. आबा म्हणजे माझे सासरे, सर्जेराव कणसे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये एकोणतीस वर्षं ब्रेक तपासायचं काम केलं आणि मुदतीआधी दोन वर्षं स्वतःहून निवृत्ती घेतली. का घेतली ते कुणाला सांगितलं नाही. मला बघायला आले होते तेव्हा सगळ्यांनी शिक्षण, नोकरी, स्वयंपाक विचारून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "वजन किती उचलतेस?" मी म्हणाले, टपालाची थैली, तीस किलो, खांद्यावर. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नोंद केल्याची, हे मला लग्नानंतर तीन वर्षांनीही कळलं नव्हतं. आम्ही एका घरात राहत होतो आणि दिवसाला साधारण चार वाक्यं बोलत होतो. त्यातली दोन चहाची.

जुई आठ महिन्यांची होती. आबांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. ती रांगत त्यांच्या पायाशी गेली की ते उठून बाहेर जायचे.

तिला सांभाळलं ते सासूबाईंनी. माझ्यापेक्षा जास्त, हे मी कबूल करते. अंघोळ त्यांनी घातली, तेल त्यांनी लावलं. पाजायच्या वेळेला जुई माझ्या मांडीवर यायची आणि पाजून झालं की "तू दमली असशील" म्हणून परत जायची. रजिस्टर पत्रासारखी, सही करून घ्यायची आणि द्यायची. मग या सगळ्याच्या महिनाभर आधी सासूबाईंच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने तांब्याच्या वर काही उचलायचं नाही. माझी रजा संपली होती. नवरा, शशिकांत, पवनचक्क्यांच्या देखभालीला पठारावर असायचा, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा.

आमच्या घरापुढचा, पाण्याच्या टाकीचा उतार उतरून खाली गेलं की कुंदाताईंचं पाळणाघर होतं. तिथून पोस्ट पाच मिनिटांवर. म्हणजे नेण्याआणण्याचाच प्रश्न होता. मी एकदा नेऊन पाहिलं. डाव्या हातावर जुई, खांद्याला पिशवी. निम्म्या उतारावर एक कुत्रं पाहून जुईनं आनंदानं मागे अंग टाकलं. तिला छातीशी धरून मी रस्त्यात खाली बसले. बसले. पडले नाही. पण आमच्या शेजारच्या सरलाकाकू वरून बघत होत्या. मी घरी पोचायच्या आत "वनिता पोरीला घेऊन पडली" हे पोचलं होतं. बसण्यात आणि पडण्यात फरक असतो, पण तो बसणाऱ्यालाच माहीत असतो.

बुधवारी कराडहून वन्संचा फोन आला. शालनवन्सं म्हणजे शशिकांतची थोरली बहीण. त्यांची दोन्ही मुलं शाळेत जाणारी, घर मोठं, मन त्याहून मोठं. "वनिता, मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "जुईला माझ्याकडं राहू दे. शाळेत जायची झाली की आणून सोडते. तू दर रविवारी येत जा. मी या रविवारी येते न्यायला."

कुणी वाईट बोललं असतं तर मला भांडता आलं असतं. सासूबाई रडत होत्या आणि म्हणत होत्या, शालन म्हणते तेच बरं. शशिकांत फोनवर म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"मी नेईन पाळणाघरात."

"कशी नेशील?"

याचं उत्तर गुरुवारी पोस्टाच्या काउंटरवर आलं. एक बाई मनीऑर्डर करायला आल्या. एका हातानं फॉर्म भरत होत्या, दुसऱ्या हातानं बाळाची गाडी हलवत होत्या. मी फॉर्म तपासायचा सोडून गाडीच बघत बसले. मागचे गृहस्थ म्हणाले, "ताई, जरा लवकर."

घरी मी सांगितलं, बाबागाडी घ्यायची. सासूबाई म्हणाल्या, "आगं, लोक काय म्हणतील? आईला उचलता येईना म्हणून गाड्यावर घातली." मी म्हणाले, लोक बरोबरच म्हणतील. शनिवारी मी रजा काढली. सरलाकाकूंना जुईपाशी बसवलं आणि चप्पल घालत होते, तर आबा टोपी घालून दारात उभे.

"तुम्ही कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"वाहन हाय," आबा म्हणाले.

मला वाटलं, आता संपलं. आबांनी नापास केलेली एस.टी. आगार व्यवस्थापकांनी हात जोडले तरी बाहेर पडत नसे, असं शशिकांत अभिमानानं सांगायचा. रविवारी वन्सं येणार, आणि त्याआधी एकही बाबागाडी पास होणार नाही.

तर दुकानात पहिली नापास झाली.

दुसरी मोठी होती, चार चाकांची, आडव्या दांडीची. आबांनी ती उलटीसुलटी केली, चाकं फिरवली आणि मला म्हणाले, "वळव." मी डाव्या हातानं दांडी धरून वळवायला गेले. पुढची चाकं वळणारी नव्हती. गाडी वळवायला ती मागे दाबून पुढून उचलावी लागायची. एका हातानं दाबली की ती तिरकी व्हायची. मी दाबली, ती तिरकी झाली आणि कापडी हत्तींच्या ढिगात शिरली.

"नापास," आबा म्हणाले.

"अहो, सवयीनं येतं," रमणशेठ म्हणाले. ते हे माझ्याकडे न बघता म्हणाले. चांगला माणूस होता.

तिसरीला गाण्याचं यंत्र होतं. रमणशेठनी बटण दाबलं आणि ती वाजायला लागली. आबांनी चाकं तपासेपर्यंत वाजत होती. ब्रेक तपासेपर्यंत वाजत होती.

"हे बंद कुठं होतं?"

"मधे बंद नाही होत, आबा. आठ गाणी पूर्ण झाली की आपोआप थांबतं."

आबांनी गाडी पुन्हा सरळ करून ठेवली. आम्ही तिघं गाणी संपायची वाट बघत उभे राहिलो. सहाव्या गाण्याला रमणशेठ म्हणाले, "आणखी एक आहे. पण ती तुम्हाला नाही चालायची."

"का?"

"तीन चाकांची आहे. पुण्याच्या एकांनी सांगून मागवली आणि न्यायला आलेच नाहीत. दोन वर्षं माळ्यावर आहे. आपल्याकडे लोकांना चार चाकं लागतात. तीन म्हटलं की काहीतरी कमी वाटतं."

मी म्हणाले, "काढा."

रमणशेठ शिडी लावून चढले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गाडी घेऊन उतरले. मागं सायकलसारखी दोन मोठी, हवेची चाकं. पुढं एक लहान, सगळ्या बाजूंनी फिरणारं. वर एकच आडवी दांडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. आबा बराच वेळ तिच्याभोवती फिरले. मग म्हणाले, "हवा भरायचा पंप द्या."

"आबा, तीन चाकं म्हणजे पलटी व्हायची भीती. रिक्षा बघतो ना आपण."

"रिक्षा चालवणाऱ्यामुळं पलटी होती," आबा म्हणाले आणि हवा भरायला लागले. पंप त्यांनी पायानं दाबून धरला होता आणि एकाच हातानं मारत होते. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. चाकं टणक झाली तशी त्यांनी मला विचारलं, "वजन?"

"कुणाचं?"

"जुईचं."

"आठ किलो दोनशे."

त्यांनी जुईचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते शेजारच्या किराणा दुकानात गेले आणि दहा किलो तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून आले. मी ती गाडीत बसवली, पट्टे बांधले, ऊन लागेल म्हणून वर टॉवेल टाकला. टॉवेल मी का टाकला ते मला आजही सांगता येणार नाही.

आम्ही रस्त्यावर आलो. रमणशेठच्या दुकानापासून खालच्या चौकापर्यंत चांगला उतार होता. सपाटीला मी डाव्या हातानं दांडीच्या मधोमध धरलं आणि ढकलली. गाडी सरळ गेली. मनगट जरा वळवलं, गाडी वळली. पुन्हा वळवलं, परत आली. एका हातानं! मी गाडीला तीन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेला आबांचे डेपोतले एक जुने दोस्त समोर आले, थांबले, गाडीत वाकले.

"काय सर्जेराव, नात का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "आंबेमोहोर."

दोस्तांनी टॉवेल उचलून पाहिला, पुन्हा नीट घातला आणि काही न विचारता निघून गेले.

"आता उतारावर," आबा म्हणाले.

ब्रेक सायकलसारखा होता, दांडीला बसवलेली मूठ. ती दांडीच्या उजव्या टोकाला होती. सपाटीला मला तिची गरज पडली नव्हती. उतारावर दहा पावलं गेल्यावर गाडी माझ्या पुढं ओढायला लागली. मी ब्रेक दाबायला गेले. डावा हात मधोमध होता. ब्रेकपर्यंत पोचायचं तर तो तिथून काढून उजवीकडे न्यायला हवा. मी काढला.

तेवढ्यात गाडी गेली.

ती फार वेगानं गेली असं नाही. पण मी धावून पोचणार नाही इतक्या वेगानं गेली. पलीकडच्या फुटपाथवरच्या एक बाई किंचाळल्या, "अगंऽ बाळ! बाळ गेलं!" दोन माणसं धावली. एका स्कूटरवाल्यानं स्कूटर आडवी घातली, गाडी त्याच्या अलीकडूनच वळली आणि शहाळ्यांच्या ढिगावर जाऊन बसली. पिशवी पट्ट्यातून निसटून वर उडाली, खाली आपटली, तिची शिवण उसवली. शहाळेवाला डोक्याला हात लावून धावत आला आणि त्यानं टॉवेल बाजूला केला.

"तांदूळ?" तो म्हणाला.

किंचाळलेल्या बाई माझ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या बाहीकडे. मग त्यांचा सगळा राग गेला आणि त्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा नको होतं. "कशाला असलं काही करायचं गं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "घरात कुणी नाही का?"

मी हिशेब केला. ते दहा किलो होतं. त्याजागी आठ किलो दोनशे असतं, तर. वन्संचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं. मला फक्त घरी जायचं होतं आणि जुईचे कपडे भरायचे होते.

आबा सावकाश उतार उतरून माझ्या पुढं गेले. शहाळेवाल्याला काहीतरी म्हणाले, गाडी ढिगातून काढली, उलटी केली. चाकं फिरवून पाहिली. मग उलट्या गाडीवरून माझ्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्कशॉपमधल्या आवाजात म्हणाले:

"ब्रेक चुकीच्या बाजूला हाय."

कुणाला काही कळलं नाही. त्या बाई निघून गेल्या. आबांनी रमणशेठला खालूनच हाक मारली, "शेठ, दहा नंबरचा पाना हाय का?"

रमणशेठनी सायकलच्या दुकानातून पाना मागवून दिला. आबा दुकानाच्या पायरीवर बसले, गाडी पुढ्यात घेतली. ब्रेकची मूठ सोडवायची, दांडीवरून सरकवून डाव्या बाजूला आणायची आणि पुन्हा आवळायची, एवढंच काम होतं. ती सुटली सहज. पण आवळताना नट धरायला एक हात लागतो आणि पाना फिरवायला दुसरा. आबांनी डाव्या हातात पाना घेतला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता, तो काढला. नटापाशी नेला.

तो हात कापत होता. म्हाताऱ्या माणसाचा कापतो तसा नाही. तारेवर बसलेला कावळा उडाल्यावर तार हलते तसा, मनगटापासून बोटांपर्यंत. नट खाली पडला. आबांनी उचलला. पुन्हा पडला. गडगडत माझ्या पायाशी आला.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, नट उचलला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत बोल्टाच्या टोकाशी धरला. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हातानं पाना लावला. आमचे दोघांचे मिळून कामाचे हात दोन होते, आणि दोन्ही डावे. त्यामुळे आम्हाला एकमेकांच्या अंगावरून वाकावं लागत होतं. एकदा त्यांची टोपी माझ्या कपाळाला लागून पडली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार वर्सं. आधी बोटं, मग मनगाट." पाना फिरत होता. "ब्रेक तपासणाऱ्याचा हात कापाय लागला तर त्यानं घरी बसावं."

"आईंना माहीत आहे?"

"चहा सांडतो, एवढं माहीत हाय."

"आणि जुई?"

आबांनी नट शेवटचा आवळला. मग मूठ दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. आणि म्हणाले, "ती सांडायची वस्तू न्हाई."

मी मान खाली घालून गाडीला लटकवलेल्या पिशवीतला गुंडाळलेला कागद उघडला. त्यात गाडीबरोबर आलेला एक पट्टा होता. एक टोक दांडीला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायचं. दोन वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता. रमणशेठ म्हणाले, "अरेच्चा, हे पण असतं का!" आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आत जाऊन हत्ती रचायला लागले.

उसवलेल्या पिशवीची शिवण सुतळीनं बांधून तीच पुन्हा गाडीत बसवली. मी पट्टा मनगटात अडकवला. तोच उतार पुन्हा उतरले. ब्रेक आता माझ्या अंगठ्याशी होता. दाबला, गाडी थांबली. सोडला, चालली. पाच वेळा खाली आणि पाच वेळा वर. शहाळेवाला तिसऱ्या वेळेपासून बघायचा थांबला. सहाव्या वेळी आबा म्हणाले, "आता मी." उजवा हात खिशात घालून डाव्या हातानं ते गाडी घेऊन चौकापर्यंत गेले, तिथं थांबले, वळले, वर आले. त्यांना दम लागला होता.

"पास," ते म्हणाले.

रविवारी सकाळी वन्सं आल्या. त्यांनी जुईसाठी नवीन सुटकेस आणली होती, गुलाबी, तिचे कपडे भरायला. ओसरीत तीन चाकांची गाडी पाहून त्या म्हणाल्या, "छान आहे गं. कराडला हिला फिरवायला होईल."

"ती हितंच लागणार हाय," आबा म्हणाले. "जुईला वनिता पाळणाघरात नेणार."

आबांनी एवढं लांब वाक्य बोललेलं ऐकून शशिकांतनं चहाचा कप खाली ठेवला.

"आबा, पण निसटली तर?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज खरंच काळजीचा होता.

आबा म्हणाले, "निसटली."

"काय?"

"काल. उतारावरनं निसटली. शहाळ्यात घुसली. आत तांदूळ होता."

सासूबाई पलंगावर उठून बसल्या, जे डॉक्टरांनी करू नका म्हणून सांगितलं होतं. शशिकांत माझ्याकडे बघायला लागला. मी आबांकडे बघत होते. त्यांनी हे सांगायची काही गरज नव्हती.

"वनिताची चूक न्हाई. ब्रेक उजवीकडं होता. डावीकडं घेतला. मग पाच वेळा तिनं नेली, पाचीबी वेळा थांबली. एक वेळ मी नेली." आबा वन्संना म्हणाले, "तुला भरवसा नसंल तर आता तुझ्या डोळ्यांपुढं नेऊ दे. पोरीला घेऊन."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "नेशील?"

मी जुईला कडेवर घेतलं, गाडीत बसवलं. पट्ट्याचं एक टोक उजव्या कोपराच्या बेचक्यात दाबून धरलं आणि डाव्या हातानं दुसरं त्यात अडकवलं. खट् असा आवाज झाला. जुई त्या आवाजाला हसली. मग मनगटाचा पट्टा. माझ्या मदतीला शशिकांत पुढं आला, त्याला आबांनी "हूं" एवढंच केलं आणि तो मागं सरला.

टाकीच्या उतारावर गल्ली गोळा झाली होती. सरलाकाकू पहिल्या ओळीत होत्या. मी उतरायला लागले. निम्म्या उतारावर तेच कुत्रं आलं आणि जुईनं आनंदानं मागं अंग टाकलं. गाडीच्या पाठीला तिची पाठ टेकली, एवढंच झालं. मी ब्रेक दाबला. कुत्र्याला जाऊ दिलं. ब्रेक सोडला. खाली कुंदाताईंच्या दारापर्यंत गेले, त्यांच्या दाराला रविवारचं कुलूप होतं, कुलपाला हात लावला आणि वर आले.

वन्संच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यातलं किती आनंदाचं आणि किती जुई येणार नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. दोन्ही असणार. त्यांनी तिच्यासाठी पाळणा रंगवून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी निघताना त्या म्हणाल्या, "सुटकेस रिकामीच न्यायची का आता?" सासूबाईंनी तिच्यात त्या फुटलेल्या पिशवीतले पाच किलो तांदूळ मला घालायला लावले. "निवडून घे," त्या म्हणाल्या, "रस्त्यावर सांडल्यात."

सोमवारी सकाळी मी जुईला घेऊन गेले. कुंदाताईंनी तिला घेतलं, गाडी दारात लावून ठेवली. मी पोस्टात जाऊन काउंटर उघडलं. संध्याकाळी एक पार्सल वजनात बसत नव्हतं, त्यात वीस मिनिटं गेली. मी जवळजवळ धावतच पाळणाघरात पोचले, तर दारात गाडी नव्हती.

"आजोबा घेऊन गेले की," कुंदाताई म्हणाल्या. "मीच बसवलं तिला, पट्टे लावले. त्यांनी तीन वेळा ओढून बघितले."

मी उतार चढायला लागले. निम्म्या वाटेवर पाण्याच्या पाइपाचा एक कठडा आहे. आबा तिथं बसले होते. त्यांना दम लागला असणार. गाडी त्यांच्या पुढ्यात आडवी, ब्रेक लावलेला, मागच्या चाकाला दगड. मनगटाचा पट्टा त्यांच्या डाव्या मनगटात होता. उजवा हात खिशाबाहेर होता. तो त्यांनी दांडीवर ठेवला होता, आणि तो कापत होता. ब्रेक लावलेला असूनही गाडी त्याच्याबरोबर बारीक बारीक हलत होती, एका लयीत, न थांबता.

जुई झोपली होती. तोंड उघडं, एक मोजा निघालेला.

माझी चाहूल लागल्यावर आबांनी वर पाहिलं आणि घाईनं हात दांडीवरून काढायला गेले.

"राहू द्या, आबा," मी हळूच म्हणाले. "काढू नका. उठेल ती."

त्यांनी हात होता तिथं ठेवला. मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसले, आणि ती उठेपर्यंत आम्ही दोघं खालून वर येणाऱ्या गाड्या बघत राहिलो.